परीक्षा संपली तरी ताण का संपत नाही?

निकालाचे आकडे पाहिले तर कॉलेजातल्या मुलींचं चित्र छान दिसतं. जगभरचा एकत्र हिशेब केला तर उच्च शिक्षणात आज मुलांपेक्षा मुलींची संख्या जास्त आहे. अनेक देशांत तर प्रवेश घेतल्यावर पदवीपर्यंत पोचण्याचं प्रमाणही मुलींचंच अधिक आहे. पण त्याच मुलींना ‘ताण किती वाटतो?’ असं विचारलं की वेगळंच चित्र समोर येतं. अशी पाहणी कुठेही झाली तरी बहुतेक वेळा मुली मुलांपेक्षा जास्त ताण नोंदवतात. मार्क चांगले, हजेरी चांगली, आणि तरी झोप उडालेली.

अशी पाहणी बातमीत आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘मुली जरा हळव्याच असतात’ ही पहिली आणि ‘हल्ली अभ्यासाचं ओझं फार वाढलंय’ ही दुसरी. पहिलीने दोष मुलीच्या स्वभावावर ढकलला जातो, दुसरीने अभ्यासक्रमावर. पण तोच अभ्यासक्रम शेजारच्या बाकावरच्या मुलालाही असतो. मग फरक येतो कुठून? माझ्या मते तो अभ्यासाच्या बाहेर शोधावा लागतो. मुलींच्या दिवसात अशी बरीच कामं असतात जी वेळापत्रकात कुठेच लिहिलेली नसतात, पण मन आणि शरीर मात्र ती पूर्ण वेळ करत असतात.

ताण म्हणजे नेमकं काय?

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली कल्पना आजही सगळ्यात उपयोगी वाटते. समोर आलेली मागणी आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असं वाटलं की ताण येतो. म्हणजे ताण नुसत्या परीक्षेत नसतो आणि नुसता माणसातही नसतो. तो दोन्हींच्या हिशेबातून तयार होतो. उद्याचा पेपर तोच असला, तरी हाताशी वेळ, झोप, पुस्तकं आणि विचारायला माणूस असलेल्या मुलीचा हिशेब वेगळा लागतो, आणि यांतलं काहीच नसलेल्या मुलीचा वेगळा.

हा हिशेब बिघडला की शरीर कामाला लागतं. काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, हात गार पडतात. मागोमाग कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण वीस ते तीस मिनिटांत शिखरावर पोचतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप. या निरोपाचा अर्थ साधा आहे: साठवलेली साखर बाहेर काढा, पचन वगैरे कामं नंतर बघू, आधी समोरचं संकट. संकट टळलं की पातळी खाली येते. इथपर्यंत सगळं ठीक, किंबहुना गरजेचं.

गडबड होते ती पातळी पुन्हा पुन्हा वर जाते किंवा नीट खाली येतच नाही तेव्हा. १९९३ मध्ये ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी या सततच्या झिजेकडे लक्ष वेधलं. शरीर दर वेळी जुळवून घेतं, पण जुळवून घेण्याचीही किंमत असते आणि ती साचत जाते. झोप, भूक, स्मरणशक्ती, रोगप्रतिकार आणि मासिक पाळी या सगळ्यांवर तिचे परिणाम दिसतात.

कोणता ताण जास्त बोचतो?

सगळ्या कठीण गोष्टींनी कॉर्टिसोल सारखं वाढत नाही. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसतं अवघड काम दिलं तर फार फरक पडत नव्हता. सगळ्यात मोठी वाढ दिसली ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर: दुसरं कोणीतरी आपल्याला तोलतंय, आणि परिणामावर आपला काहीच ताबा नाही.

या विषयात सर्रास वापरली जाणारी एक चाचणी जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झाली. तिच्यात माणसाला अनोळखी परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावतात आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्याने मोजायला सांगतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांचे चेहरे मुद्दाम कोरे ठेवलेले असतात. गणित फारसं कठीण नसतं, पण तो कोरा चेहरा घाम फोडतो.

कोणीतरी तोलतंय आणि ताबा आपल्या हाती नाही, हे दोन निकष लक्षात ठेवून कॉलेजातल्या मुलीचा दिवस पाहिला की बरंच काही उलगडतं.

अभ्यासाचा वाटा किती?

मोठाच आहे, ते नाकारायचं कारण नाही. एकाच आठवड्यात आलेल्या चाचण्या, प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा आणि नंतरच्या नोकरीची किंवा पुढच्या प्रवेशाची धास्ती मुलगे-मुली दोघांनाही असते. फरक दिसतो तो अभ्यासाला चिकटून येणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीत: ‘चूक चालणार नाही’ या भावनेत.

परिपूर्णतेच्या हट्टाचा एक प्रकार बाहेरून लादलेला असतो. ‘मला सगळं अचूक आवडतं’ ही आवड झाली. ‘मी अचूक नसेन तर लोक मला कमी लेखतील’ ही भीती. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन इथल्या ४१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातल्या उत्तरांची तुलना केली तेव्हा परिपूर्णतेचे सगळेच प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त वाढली होती ती ही दुसरी, लोकांच्या नजरेतून येणारी भीती. ही वाढ केवळ मुलींमधली नाही. पण ‘नीटनेटकी, समंजस, जबाबदार’ अशी कौतुकं लहानपणापासून जिच्या वाट्याला आली, तिला चुकण्याचा सराव कमी मिळतो, असं मला वाटतं. कॉलेजात पहिल्यांदा कमी मार्क पडतात तेव्हा तिला नुसता पेपर वाईट गेला असं वाटत नाही. आपण आहोत असं सगळे समजत होते ते आपण नाहीच, असं वाटायला लागतं.

याच भावनेवर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये लिहिलं होतं. चांगलं यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी बोलून त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या अनेकींना आपलं यश नशिबाने किंवा कोणाच्या तरी चुकीने मिळालंय आणि कधीतरी आपलं बिंग फुटणार, अशी भीती आहे. पुढे पुरुषांमध्येही हे आढळलं, त्यामुळे याला बायकांचा आजार म्हणणं चूक. ज्या वर्गात आपल्यासारखे फार कमी असतात तिथे ही भावना बळावते, हे मात्र समजण्यासारखं आहे. साठ जणांत चारच मुली असतील, तर त्यांतल्या एकीने चुकीचं उत्तर दिलं की ते तिच्या एकटीचं राहत नाही. ‘मुलींना हे जमत नाही’ या खात्यात जमा होतं. मुलाचं चुकीचं उत्तर त्याच्यापुरतंच राहतं.

मुलींना गणितात कमी समजतात याची नुसती आठवण करून दिली तरी त्यांचे मार्क घसरतात, असे प्रयोग १९९० च्या दशकात गाजले होते. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो परिणाम तितका ठळक दिसला नाही. म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. मार्क घसरोत वा न घसरोत, सतत सगळ्या मुलींच्या वतीने उत्तर द्यावं लागणं हेच दमवणारं आहे.

जे काम कोणी काम म्हणून मोजत नाही

आता मुख्य मुद्दा. संध्याकाळी साडेआठला ग्रंथालयातून निघायचं की आणखी तासभर बसायचं, हा मुलासाठी अभ्यासाचा प्रश्न असतो. मुलीसाठी त्यात आणखी पाच प्रश्न असतात. रस्त्यावर दिवे आहेत का? सोबत कोणी आहे का? परतीचं वाहन कधीपर्यंत मिळेल? फोन चार्ज आहे का? आणि काही झालंच, तर ‘इतक्या उशिरा तिथे काय करत होतीस?’ असं आधी कोण विचारेल?

या प्रश्नांची उत्तरं ती बहुधा न बोलता, चालता चालता देऊन टाकते. तिला स्वतःलाही ते काम वाटत नाही. पण काठोकाठ भरलेलं भांडं हातात घेऊन गर्दीतून चालून पाहा. भांडं जड नसतं, अंतरही फार नसतं. तरी पोचल्यावर खांदे भरून येतात, कारण वाटभर लक्ष सांडू न देण्यात गुंतलेलं असतं. शेजारून मोकळ्या हाताने चालणारा त्याच वाटेने, त्याच वेळात येतो आणि त्याला कळतही नाही, की हिला एवढा शीण का झाला.

ही भीती हवेतली आहे का? अमेरिकेतल्या ३३ विद्यापीठांमध्ये २०१९ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत, उत्तर देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थिनींपैकी सुमारे २६ टक्के जणींनी सांगितलं, की कॉलेजात आल्यापासून बळजबरीने किंवा संमती देण्याच्या अवस्थेत नसताना त्यांच्याशी लैंगिक वर्तन झालं होतं. सगळ्या देशांत हाच आकडा असेल असं नाही. पण सावधगिरी म्हणजे मुलींचा भ्रम आहे, असं यानंतर म्हणता येत नाही. शिवाय असं वागणारा बहुतेक वेळा अंधारातला अनोळखी माणूस नसतो. तो वर्गातला, मित्रांच्या गटातला, कधी मार्गदर्शन करणारा असतो. मग नुसता रस्ता टाळून भागत नाही. ज्याच्याकडून संदर्भपत्र हवंय, ज्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढायची आहेत, त्याच्याच बोलण्याचा रोख ओळखत बसावं लागतं.

तक्रार करावी तर तिचंही एक वेगळं वजन असतं. पुरावा गोळा करा, तीच हकीकत अनोळखी लोकांपुढे पुन्हा सांगा, निर्णय होईपर्यंत त्याच माणसासमोर वर्गात बसा. तोलणारे डोळे आणि ताब्याबाहेरचा निकाल हे दोन्ही निकष इथे पुरेपूर लागू पडतात. त्यामुळे अनेक जणी गप्प राहतात, आणि तक्रारी कमी आल्या म्हणून कॉलेज आपली पाठ थोपटून घेतं.

फोन हाती आल्यापासून ही सावधगिरी खोलीतही शिरली आहे. फोटो कोणी उचलेल, त्यात काही फेरफार करेल, गटात कोण काय लिहील याची काळजी दार लावून थांबत नाही.

शरीराचा स्वतःचा कॅलेंडर

मुलींच्या ताणावर लिहिताना शरीराबद्दल एक तर काहीच बोललं जात नाही किंवा सगळं खापर ‘हार्मोन्स’वर फोडलं जातं. दोन्ही टोकं सोडून द्यावीत.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. ती स्नायू आवळतात आणि त्यातून कळा येतात. काहींना नुसतं जडावल्यासारखं होतं, काहींना उठून उभं राहणंही कठीण जातं. परीक्षेच्या वेळापत्रकाला याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाळीच्या आधी येणारी तीव्र उदासी किंवा चिडचिड काही थोड्या जणींमध्ये इतकी टोकाची असते, की २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र विकाराचं स्थान मिळालं. अशी स्त्री ‘त्या दिवसांत अशीच असते’ असं म्हणून सोडून देण्यासारखी नाही, तिच्यासाठी उपचार आहेत.

उलटा प्रवाहही असतो. ताण वाढला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पाळीचं चक्र चालवणारे संकेत मंद करू शकतो आणि पाळी लांबते. मग पाळी का आली नाही याची काळजी, त्या काळजीने आणखी ताण. आपल्याच शेपटीमागे फिरणारं हे चक्र परीक्षेच्या महिन्यात अनेक जणींच्या परिचयाचं असतं.

आणि एक गोष्ट जी ताण म्हणून खपून जाते: रक्ताची कमतरता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयातल्या जगभरच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर जिने चढताना धाप लागणं, वाचताना लक्ष न लागणं, सतत थकवा, छातीत धडधड ही सगळी लक्षणं तिथूनच येऊ शकतात. थायरॉइडचंही तसंच. महिनोन्‌महिने ‘स्ट्रेस आहे’ म्हणत ध्यान करणाऱ्या मुलीने एकदा साधी रक्ततपासणी करून घेतलेली बरी. ध्यानाने लोह वाढत नाही.

झोपेचं गणित वेगळंच आहे. किशोरवयापासून शरीराचं घड्याळ मागे सरकत जातं, म्हणजे झोप उशिरा येते आणि जाग उशिरा. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की मुलींमध्ये ही सरक साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी टोकाला पोचते, मुलांमध्ये एकविसाच्या आसपास, आणि मग घड्याळ पुन्हा अलीकडे यायला लागतं. याचा अर्थ सकाळी सातचं लेक्चर नेमकं त्या वयात येतं, ज्या वयात रात्री अकराला झोप येणं सगळ्यात अवघड असतं. या वयात सात ते नऊ तास झोप हवी असते, मिळते त्याहून बरीच कमी. आदल्या रात्रीची झोप कमी असेल तर दुसऱ्या दिवशी साधी अडचणही डोंगराएवढी वाटते. हा आळस नव्हे, आणि ‘लवकर झोपत जा’ या सल्ल्याने हा प्रश्न सुटतही नाही.

आरसा आणि पडदा

बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक चमत्कारिक प्रयोग केला. कपडे बदलायच्या खोलीत, आरशासमोर, काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालायला दिला. आजूबाजूला कोणीही नव्हतं. त्याच पोशाखात त्यांना गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे गुण स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी आले. मुलांमध्ये असा फरक पडला नाही. बघणारं कोणी नसतानाही मुलींच्या डोक्याचा एक कोपरा ‘मी कशी दिसतेय’ या प्रश्नाला बांधला गेला होता, असा त्याचा अर्थ लावला गेला. एका प्रयोगावर जग उभं करू नये, पण कोणत्याही मुलीला हा निष्कर्ष फार नवा वाटणार नाही.

सोशल मीडियाबद्दल मी मुद्दाम जपून लिहितो आहे, कारण त्यावर सगळं खापर फोडणं फार सोयीचं झालं आहे. इतरांशी तुलना करून स्वतःला जोखणं हा माणसाचा जुना स्वभाव. लिओन फेस्टिंगर यांनी त्यावर सिद्धांत मांडला तो १९५४ मध्ये, तेव्हा इंटरनेट नव्हतं. फोनमुळे ताण वाढतो की ताणात असलेली मुलगी फोनकडे जास्त वळते, यावर संशोधकांचं एकमत नाही. दोन गोष्टी तरी बिनवादाच्या आहेत. फोन झोपेतला वेळ खातो, आणि तुलनेसाठी पूर्वी वर्गातल्या चाळीस जणी होत्या, तिथे आता निवडून, उजळवून, कापून ठेवलेले हजारो चेहरे आहेत.

इतरांची मनं सांभाळण्याची नोकरी

गटातला कोणी प्रोजेक्टचं काम टाळत असेल तर त्याला आठवण कोण करून देतं? दोघांचं भांडण झालं तर मध्ये कोण पडतं? रात्री दीड वाजता रडत फोन करणारी मैत्रीण कोणाला फोन करते? उत्तर बहुतेक वेळा मुलीचंच नाव असतं. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून दाखवून दिलं, की हसतमुख राहणं आणि समोरच्याला शांत ठेवणं हे खरंखुरं श्रमाचं काम आहे. सेविकेला निदान त्याचा पगार मिळतो.

मैत्री ही मुलींची मोठी ताकदही आहे. शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये असा विचार मांडला, की संकटात ‘लढा किंवा पळा’ ही एकच प्रतिक्रिया नसते. स्त्रिया अनेकदा जवळच्यांना सांभाळून आणि एकमेकींना धरून राहून संकट पेलतात. पण त्यालाही एक दुसरी बाजू आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं, की एकाच दुःखाची चर्चा दोन मैत्रिणी पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या तर मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. दोन्ही एकाच वेळी. मैत्रिणीशी बोलू नये असं यातून निघत नाही. बोलणं कुठेतरी पुढे सरकतंय का, एवढं बघावं.

घरचे आजारी असले, धाकटी भावंडं असली, तर लांब शिकणाऱ्या मुलीच्या डोक्यात घराचा एक भाग सतत चालू असतो. ज्यांच्या घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यांना अर्ज कसा भरायचा, प्राध्यापकांना कसं विचारायचं, इथपासून सगळं एकटीने शोधावं लागतं. आणि पैसे. फी, खोलीभाडं, कर्ज, अर्धवेळ नोकरी यांचा ताण साऱ्या विद्यार्थ्यांना असतो आणि तो खराच मोठा असतो. मुलीच्या बाबतीत एवढंच जास्तीचं, की रात्री उशिराची नोकरी तिला वेगळ्या हिशेबाने घ्यावी लागते, आणि सुरक्षित खोली बहुधा महाग असते.

‘पण मुली जास्त सांगतात, एवढंच ना?’

हा आक्षेप मोडीत काढण्यासारखा नाही. मुलग्यांना मनातलं सांगण्याची मुभा कमी मिळते, त्यामुळे पाहण्यांमधले त्यांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी असू शकतात. बहुतेक देशांत आत्महत्येने मरण पावणाऱ्यांत पुरुषांची संख्या जास्त असते, हे विसरून चालणार नाही. मुलगे मजेत आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये.

ट्रिअरच्या चाचणीसारख्या प्रयोगांत आणखी एक गंमत दिसते: मुली ‘मला जास्त ताण आला’ म्हणतात, पण कॉर्टिसोलची वाढ अनेकदा पुरुषांमध्ये जास्त आढळते. मग मुली खोटं बोलतात का? नाही. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या दहा मिनिटांचा असतो. रोजच्या सावधगिरीचा, अपुऱ्या झोपेचा आणि महिन्यांच्या शिणाचा हिशेब त्यात उतरत नाही. शिवाय पाळीच्या कोणत्या टप्प्यात चाचणी घेतली, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, यावरही स्त्रियांचे आकडे बदलतात. ‘हळव्या आहेत’ या मताला या प्रयोगांतून आधार मिळत नाही, एवढं नक्की.

‘थोडा ताण हवाच की’

हवाच. वाढत्या ताणाबरोबर काम आधी सुधारतं आणि मग बिघडतं, हे सांगताना १९०८ मधल्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन केला होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. उंदरांपुरतं असो, अनुभवाशी ते जुळतं. सादरीकरणाच्या आधीची धडधड उपयोगीच असते, कारण सादरीकरण संपतं आणि ते चांगलं व्हावं म्हणून तयारी करता येते. रात्रीचा रस्ता, प्राध्यापकाचा सूचक मेसेज किंवा थकलेली फी यांना ना शेवट ठरलेला, ना तयारीचा उपयोग. दोन्हींना ‘ताण’ म्हणून एकाच टोपलीत टाकलं, की मुलीला सांगितलं जातं, ‘घट्ट हो जरा.’

‘आमच्या वेळी नव्हतं का हे?’

होतं. पण पूर्वी कमी मुली कॉलेजात पोचत, आणि ज्यांना हे सगळं जमलं नाही त्या मध्येच गळून गेल्या. ‘आमच्या वेळी’ सांगायला आज ज्या हजर आहेत, त्या टिकलेल्यांतल्या आहेत.

मग कशाने फरक पडतो?

श्वासाचे व्यायाम, चालणं, झोपेच्या वेळा पाळणं यांचा उपयोग होतो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण कॉलेजं बहुधा तिथेच थांबतात. वर्षातून एकदा तणावमुक्तीची कार्यशाळा, एक फलक, चहा. मूळ अडचण ताब्याची आणि तोलणाऱ्या नजरेची असेल, तर उपायही तिथेच असायला हवेत.

गुणदान कशावर होणार, हे आधी लेखी सांगितलं की परीक्षेतला बेभरवसा कमी होतो. सगळ्या विषयांच्या चाचण्या एकाच आठवड्यात येऊ नयेत म्हणून विभागांनी एकमेकांशी बोलणं हे फुकटातलं काम आहे, तरी क्वचितच होतं. पाळीच्या तीव्र त्रासासाठी पुन्हा परीक्षेची सोय, ग्रंथालय ते वसतिगृह या वाटेवर दिवे, शेवटच्या वाहनाच्या वेळेशी जुळणारी प्रयोगशाळेची वेळ, संदर्भपत्रासाठी एकाच माणसावर अवलंबून राहावं लागणार नाही अशी पद्धत, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या समोर बसावं लागणार नाही अशी तक्रारीची रीत. यातल्या एकाही गोष्टीच्या नावात ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द नाहीत. तरीही मानसिक आरोग्यावरचा खर्च म्हणून मी आधी हीच यादी मांडेन आणि समुपदेशकाचं पद त्याच्या बरोबरीने. समुपदेशक भेटायला तीन आठवडे लागत असतील, तर ते पद कागदावरचंच समजावं.

मुलींच्या हातात काय आहे? फार नाही, पण काही आहे. आठवडाभर दर रात्री दोन ओळी लिहून पाहाव्यात: आज कशाने दमले, आणि त्यावर माझा ताबा होता का. बऱ्याचदा लक्षात येतं, की शीण अभ्यासाचा नसून दुसऱ्याच कशाचा आहे. मग मदतही नेमकी मागता येते. ‘मला टेन्शन आलंय’ यावर कोणी फारसं काही करू शकत नाही. ‘गुरुवारची प्रयोगशाळा सातला संपली तर मला परत येता येईल’ यावर करता येतं.

आणि ताण कधी ताण राहिलेला नसतो, हे ओळखायची ढोबळ खूण अशी. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, खाणं मुद्दाम टाळलं जात असेल किंवा जेवून ते बाहेर काढलं जात असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात आठ देशांतल्या सुमारे १४ हजार नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३५ टक्क्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराची लक्षणं आढळली होती. त्यामुळे असं होणारी आपण एकटीच आहोत, ही समजूत आकड्यांनीच खोटी ठरते. जगू नये, स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि हेल्पलाइन किंवा दवाखाना गाठायचा. मैत्रिणीबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारावं, ‘मरून जावं असं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. संशोधनात त्याला आधार मिळालेला नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बोलता आलं, असं सांगणाऱ्या अनेक जणी आहेत.